रिकाम्या लेनचा हिशोब

बालाघाटहून गोंदियाकडे जाणाऱ्या खासगी बसचा कंडक्टर वाहतुकीचा अंदाज बांधूनच पोट भरतो. सवारी किती बसली, मागची गाडी किती वेळाने आहे, अजून पाच मिनिटे थांबलो तर चार जण वाढतील की बसलेले दोघे वैतागून उतरतील, हा हिशोब तो कागदाशिवाय करतो. मध्य प्रदेशाचे राज्य परिवहन महामंडळ बंद करण्याचा निर्णय २००५ साली झाला. तेव्हापासून या जिल्ह्यातला रस्त्यावरचा प्रवास खासगी बस आणि भाड्याच्या गाड्यांवर चालतो. सीमा ओलांडून विदर्भात आलो की काळीपिवळी जीप भेटते. दारापर्यंत माणसे भरल्याशिवाय तीही हलत नाही. इथे गाडीतली जागा रिकामी ठेवणे कुणालाच परवडत नाही.

मोठ्या शहरातल्या हमरस्त्यावर नेमके उलटे चित्र असते. पाच जणांच्या मोटारीत एकच माणूस बसून ऑफिसला जातो आणि त्याच्यासारख्या हजारो मोटारी एकाच वेळी रस्त्यावर आल्या की कोंडी होते. यावर अमेरिकेत एक उपाय निघाला: हमरस्त्याची एक लेन बाजूला काढायची आणि ज्या गाडीत दोन किंवा तीन माणसे असतील तिलाच त्या लेनमधून जाऊ द्यायचे. हीच कारपूल लेन. वॉशिंग्टनजवळच्या शर्ली हायवेवर १९६९ साली बससाठी राखीव लेन सुरू झाली आणि १९७३ मध्ये चार किंवा अधिक माणसांच्या मोटारींनाही ती मोकळी झाली. पुढे कॅलिफोर्नियात अशा लेनचे जाळेच तयार झाले.

भारतात अशी लेन रुळलेली नाही. पण ती बांधायचे कुणी मनावर घेतले, तर पहिला प्रश्न अभियंत्यापुढे येईल: या लेनमध्ये रोज किती गाड्या येतील? फार थोड्या आल्या तर लेन रिकामी दिसेल आणि शेजारी खोळंबलेले लोक चिडतील. फार जास्त आल्या तर तीही तुंबेल आणि तिचा उपयोगच संपेल. साध्या रस्त्याच्या अंदाजात वीस टक्क्यांची चूक पचते, इथे ती पचत नाही. आणि हा आकडा काढण्यात एक चमत्कारिक अडचण आहे. लेन किती भरेल हे शेजारच्या लेन किती तुंबतात यावर ठरते, आणि त्या किती तुंबतील हे ही लेन किती भरते यावर.

आधी नेहमीचा अंदाज कसा काढतात ते पाहू. १९५०च्या दशकात शिकागोच्या वाहतूक अभ्यासात जी चार पायऱ्यांची पद्धत आकाराला आली, तीच थोड्याफार फरकाने आजही जगभर वापरली जाते. तयारी म्हणून शहराचे तुकडे पाडायचे. प्रत्येक तुकड्यातून रोज किती फेऱ्या निघतात ते घरे, उत्पन्न, वाहने यांवरून काढायचे. त्या फेऱ्या कुठे जातात ते ठरवायचे. मग बस, रेल्वे, मोटार, दुचाकी यांत त्या वाटायच्या. शेवटी रस्त्यांवर सोडायच्या.

दुसऱ्या पायरीला, म्हणजे फेऱ्या कुठे जातात ते ठरवायला, बहुतेक ठिकाणी गुरुत्वाकर्षणाच्या धर्तीचे सूत्र लावतात: गाव जितके मोठे तितकी ओढ जास्त, अंतर जितके अधिक तितकी कमी. बालाघाटला हे सूत्र लावून पाहण्यासारखे आहे. सुमारे चाळीस किलोमीटरवरचे गोंदिया, त्याहून बरेच दूरचे पण मोठे नागपूर आणि उत्तरेचे जबलपूर, अशा तीन ओढी इथे आहेत. १८६७ साली मंडला, शिवनी आणि भंडारा जिल्ह्यांचे भाग जोडून हा जिल्हा झाला. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिले. त्यामुळे बाजार, दवाखाना, सोयरीक आणि मुंबई-हावडा मार्गावरची गाडी यांसाठी पाय दक्षिणेकडे वळतात, पण हायकोर्टाची तारीख असली की जबलपूर गाठावे लागते. सूत्राला लोकसंख्या आणि किलोमीटर कळतात, कोर्टाची तारीख कळत नाही. म्हणून जाणकार अभ्यासक अशा जोड्यांना हाताने दुरुस्तीचा गुणक लावतात. हा गुणक कुठून आणला असे विचारले, तर प्रामाणिक उत्तर एकच असते: रस्त्यावर मोजणी केली, सूत्राचा आकडा जुळेना, म्हणून जुळवून घेतला. आजची दुरुस्ती वीस वर्षांनंतरही लागू पडेल, असे मानण्यावाचून मग गत्यंतर नसते.

कारपूलचा सगळा पेच तिसऱ्या पायरीवर आहे, म्हणजे माणूस काय निवडेल यावर. या पायरीला शास्त्राची बैठक दिली ती डॅनियल मॅकफॅडन या अर्थशास्त्रज्ञाने. सॅन फ्रान्सिस्कोच्या आखाताभोवती १९७०च्या दशकात बार्ट ही नवी रेल्वे सुरू होत होती. अधिकृत अंदाज होता की कामावर जाणाऱ्यांपैकी १५ टक्के लोक ती वापरतील. मॅकफॅडन यांच्या गटाने लोकांच्या वेळेचे, पैशाचे आणि चालण्याच्या त्रासाचे वजन काढून ६.३ टक्के हा आकडा सांगितला. प्रत्यक्षात आला ६.२. पुढे २००० साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. या यशात नशिबाचाही वाटा होता, हे मॅकफॅडन यांनी स्वतःच नमूद केले आहे. उगाच नम्रता म्हणून ते सोडून देऊ नये, कारण त्यांची पद्धत वापरणाऱ्या पुढच्या अनेकांना ते नशीब लाभले नाही.

रेल्वेचा डबा तयार असतो, त्यात बसायचे की नाही एवढेच ठरवायचे असते. कारपूलला मात्र दुसरा माणूस लागतो. तो जवळ राहायला हवा, त्याच वेळी निघायला हवा, त्याच दिशेला जायला हवा. संध्याकाळी साहेबांनी थांबवून घेतले तर काय, हा प्रश्नही सुटायला हवा. अमेरिकेतले बरेचसे कारपूल नवरा-बायको किंवा पालक-मुलांचे असतात, म्हणजे लेन नसती तरी ती माणसे एकत्रच गेली असती. तिथल्या जनगणनेत १९८० साली कामावर जाणाऱ्यांपैकी जवळजवळ २० टक्के लोक दुसऱ्यासोबत मोटारीने जात. २०१९ पर्यंत हे प्रमाण ९ टक्क्यांच्या आसपास आले. या काळात कारपूल लेन वाढतच गेल्या.

आता एक काल्पनिक रस्ता घेऊन हिशोब मांडू. आकडे मुद्दाम सोपे ठेवले आहेत, पण त्यांतली गुंतागुंत खरी आहे.

एका दिशेला चार लेन. प्रत्येक लेनमधून तासाला २,००० मोटारी जाऊ शकतात, म्हणजे एकूण ८,०००. सकाळच्या तासात बरोबर ८,००० मोटारी येतात. त्यांतल्या १,२०० मोटारींत दोन माणसे आहेत, बाकीच्या ६,८०० मोटारींत एकेकच. रस्ता काठोकाठ भरला आहे, पण तुंबलेला नाही. आता एक लेन कारपूलसाठी काढून घेतली. १,२०० मोटारी तिकडे गेल्या. उरलेल्या तीन लेनची ताकद ६,००० आणि मोटारी ६,८००. तासाच्या शेवटी ८०० मोटारींची रांग उरली. तासाला ६,०००च्या वेगाने ती रांग सरकायला आठ मिनिटे लागतात, म्हणजे शेवटच्या मोटारीचा खोळंबा आठ मिनिटांचा. सोयीसाठी तोच सगळ्यांना धरू.

कारपूल लेनचा फायदा झाला आठ मिनिटे. आता सर्वेक्षणातून असे कळले आहे असे समजा, की वाचणाऱ्या प्रत्येक मिनिटामागे ६० नव्या जोड्या जमतील. आठ मिनिटांना ४८० जोड्या. प्रत्येक जोडी साध्या लेनमधल्या दोन मोटारी कमी करते आणि राखीव लेनमध्ये एक वाढवते. म्हणजे साध्या लेनमधल्या ९६० मोटारी गेल्या. पण रांग तर ८००चीच होती! रांग संपली, खोळंबा संपला, फायदाही संपला. मग शेजाऱ्यासाठी थांबेल कोण? जोड्या मोडल्या, पुन्हा ८०० मोटारी रांगेत. संगणकाला हे गणित नुसते फिरवायला सांगितले, तर एका फेरीत लेन ओसंडते आणि पुढच्या फेरीत ओस पडते, आणि हे कायम चालू राहते.

खरे उत्तर मध्ये कुठेतरी आहे. जमलेल्या जोड्यांमुळे उरणारा खोळंबा आणि त्या खोळंब्यामुळे जमणाऱ्या जोड्या या दोन्ही जिथे जुळतात ती जागा शोधायची. या रस्त्यावर ती येते २१८ जोड्यांवर. त्यांच्यामुळे ४३६ मोटारी घटतात, ३६४ची रांग उरते, खोळंबा साधारण ३.६४ मिनिटे, आणि तेवढ्या खोळंब्याला साठच्या दराने पुन्हा २१८ जोड्याच. प्रत्यक्ष अभ्यासात मागच्या आणि नव्या फेरीची सरासरी काढत काढत संगणकाला या जागेपर्यंत आणतात. पहिल्याच फेरीचा ४८० हा आकडा अहवालात छापला, तर अंदाज दुपटीहून जास्त फुगलेला असतो. आठ मिनिटे वाचतील हे आश्वासनही त्याच फेरीतून येते.

साठचा आकडाच चुकीचा असला तर? मिनिटामागे ६० ऐवजी २० जोड्या धरा. उत्तर येते ११४ जोड्या आणि ५.७ मिनिटे खोळंबा. दर तिसऱ्या हिश्श्यावर आणला तरी जोड्या जेमतेम निम्म्या झाल्या, कारण कमी लोक आले की खोळंबा जास्त उरतो आणि तो थोड्या जास्त लोकांना ओढतो. रस्ता स्वतःच अंदाजाची चूक काही अंशी झाकून घेतो. अंदाज करणाऱ्यांना याचा मोठा दिलासा आहे, आणि माझ्या मते तो पुरेसा वापरला जात नाही. लोक कारपूल करतील की नाही यावर महिनोन्‌महिने प्रश्नावल्या भरून घेण्यापेक्षा ८,००० आणि १,२०० हे मूळ दोन आकडे नीट मोजणे जास्त कामाचे आहे.

याच उदाहरणातली दुसरी गोष्ट नजरेतून सुटू नये. लेन काढून घेण्याआधी कुणालाच खोळंबा नव्हता. नंतर ६,३६४ मोटारींना झाला आणि कारपूलवाल्यांना मिळाले ते पूर्वीइतकेच. लॉस एंजेलिसच्या सांता मोनिका फ्रीवेवर मार्च १९७६ मध्ये असाच प्रकार घडला. चालू लेनपैकी एक तीन किंवा अधिक माणसांच्या मोटारींसाठी राखून ठेवली आणि पहिल्याच दिवशी शहरभर संताप उसळला. बसचे प्रवासी आणि भरलेल्या मोटारी दोन्ही वाढत होत्या, पण २१ आठवड्यांनी न्यायमूर्ती मॅथ्यू बर्न यांनी पर्यावरणविषयक अहवाल केला नाही या कारणावरून प्रयोग थांबवला. त्यानंतर कॅलिफोर्नियाने चालू लेन काढून घेण्यापेक्षा नवी लेन बांधून ती राखीव ठेवण्याचा मार्ग धरला. जॉय डालग्रेन यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने त्याही मार्गाची मर्यादा दाखवली: नवी लेन सर्वांना खुली ठेवण्यापेक्षा कारपूलला देणे फायद्याचे ठरते ते आधीचा खोळंबा अर्ध्या तासाहून मोठा असेल आणि पाचांतली एक गाडी भरलेली असेल तेव्हाच.

किती माणसांची अट ठेवायची, हा एकच अंक सगळा अंदाज उलटवू शकतो. लॉस एंजेलिसच्याच एल मोंटे मार्गावर तीन माणसांची अट होती आणि लेन वेगात चालत होती. जानेवारी २००० पासून अट दोनवर आणली. लेन इतकी भरली की बसही अडकू लागल्या आणि जुलै महिन्यात गर्दीच्या वेळेसाठी तीनची अट परत आणावी लागली. दोन आणि तीनच्या मध्ये अंक नाही, हीच या साधनाची अडचण. लेनला अडीचची गरज असली तरी ती देता येत नाही.

लेनची ताकदही कागदावर दिसते तेवढी नसते. मुंबईत जन्मलेले आणि बर्कलेला आयुष्य घालवलेले प्रवीण वरैया आणि त्यांचे सहकारी जेम्यंग क्वॉन यांनी कॅलिफोर्नियातल्या रस्त्यांत पुरलेल्या संवेदकांच्या नोंदी तपासल्या. एकेरी राखीव लेनमध्ये ओव्हरटेक करता येत नाही, त्यामुळे सगळ्यांना सर्वांत हळू गाडीच्या मागे जावे लागते. त्यांच्या हिशोबाने अशा लेनची ताकद २,००० वरून १,६००वर येते. आपल्या उदाहरणातल्या १,४१८ मोटारी तिच्यात मावतात, पण आधीच भरलेल्या मोटारी १,२०० ऐवजी १,५०० असत्या तर ती पहिल्याच आठवड्यात तुंबली असती.

शिवाय रिकामी झालेली जागा रिकामी राहत नाही. अर्थशास्त्रज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९६२ सालीच हे मांडले होते. कोंडी टाळायला सकाळी सातला निघणारा पुन्हा आठला निघू लागतो, आडवाटेने जाणारा मुख्य रस्त्यावर परततो, लोकलने जाणारा मोटार बाहेर काढतो. कारपूलमध्ये आलेला दुसरा माणूस बसमधून उतरून आलेला असेल, तर लेन भरलेली दिसते पण रस्त्यावरची एकही मोटार कमी झालेली नसते. सिंगापूरने १९७५ साली शहराच्या मध्यभागात शिरायला परवाना शुल्क लावले आणि चार माणसांच्या मोटारीला सूट दिली, तेव्हा मोटारवाले बसस्टॉपवर थांबून माणसे उचलू लागले. त्या योजनेचा अंदाज उलट दिशेने चुकला होता. सकाळची वाहतूक २५ ते ३० टक्क्यांनी घटावी असे उद्दिष्ट होते, घटली ती सुमारे ४५ टक्क्यांनी. चार माणसांची सूट १९८९ साली बंद झाली.

आता भारतीय रस्ता. इथे मोजणी मोटारींत होतच नाही, ती पीसीयूत (पॅसेंजर कार युनिट) होते. मोटार म्हणजे एक, आणि बाकी वाहने तिच्या प्रमाणात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९०च्या कोष्टकात ग्रामीण रस्त्यासाठी दुचाकी ०.५, बस आणि ट्रक ३, ट्रॅक्टर-ट्रॉली ४.५ आणि बैलगाडी ८ धरली आहे. आठ मोटारींइतका रस्ता एक बैलगाडी अडवते, हे धान कापणीच्या दिवसांत बालाघाट-गोंदिया रस्त्यावर गेलेल्या कुणालाही पटेल. पण पीसीयू सांगतो वाहनाने किती जागा घेतली. वाहनात किती माणसे होती याबद्दल तो गप्प असतो. कारपूलचा अंदाज करणाऱ्याला काचेतून आत डोकावून मोजावे लागते, आणि आपल्या बहुतेक रस्त्यांच्या मोजण्यांत हा रकानाच नसतो.

समजा रकाना घातला. ‘दोन किंवा अधिक माणसे’ ही अट आपल्याकडे लावली तर त्या लेनमध्ये कोण कोण येईल? मागे नवरा-बायको बसलेली प्रत्येक मोटारसायकल. काळीपिवळी जीप, शेअर रिक्षा, शाळेची व्हॅन. आणि पगारी ड्रायव्हर ठेवून मागच्या सीटवर एकटे बसून जाणारे प्रत्येक साहेब. नियमाच्या दृष्टीने साहेब आणि ड्रायव्हर मिळून दोन माणसे होतातच! अमेरिकेत न सुचलेला हा कारपूल मुंबईत आणि दिल्लीत रोज हजारोंनी धावतो. ड्रायव्हर मोजायचा नाही असे म्हणावे, तर स्टिअरिंगमागचा माणूस ड्रायव्हर आहे की भाऊ हे कॅमेऱ्याला कसे कळणार? काचांवरची काळी फिल्म सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली बंद केली म्हणून आतले निदान दिसते तरी.

जकार्ताने हा सगळा अनुभव आधीच घेतला आहे. तिथे १९९२ पासून मुख्य रस्त्यांवर गर्दीच्या वेळी मोटारीत किमान तीन माणसांची सक्ती होती. पाहता पाहता रस्त्याच्या कडेला भाड्याने बसणारी माणसे उभी राहू लागली. त्यांना जॉकी म्हणत. काही बायका तान्ही मुले घेऊन उभ्या राहत, म्हणजे एका भाड्यात दोन माथी. नियमाची ही चेष्टा पाहून तो निकामी झाला आहे असेच सगळ्यांना वाटत होते आणि २०१६ साली सरकारने तो काढून टाकला. रेमा हॅना, गॅब्रिएल क्राइंडलर आणि बेंजामिन ओल्केन या संशोधकांनी त्या दिवसांत गूगल मॅप्सवरून प्रवासाच्या वेळा सतत टिपून ठेवल्या. नियम उठताच त्या रस्त्यांवरचा खोळंबा सकाळी ४६ टक्के आणि संध्याकाळी ८७ टक्के वाढला. जिथे नियम नव्हताच अशा रस्त्यांवर आणि वेळांनाही कोंडी वाढली. जॉकींसकट चाललेला, सगळ्यांनी हसण्यावारी नेलेला नियमही शहराला सावरून धरत होता, आणि हे कुणाच्याही अंदाजात नव्हते. मला या विषयातला सर्वांत विचार करायला लावणारा निकाल हाच वाटतो, कारण तो नियम पाळणाऱ्यांचीच नव्हे तर चुकवणाऱ्यांचीही किंमत मोजतो. जॉकीला पैसे द्यायला नको म्हणून मोटार घरी ठेवणारे कितीतरी असले पाहिजेत.

राखीव लेनचा भारतीय अनुभव बसचा आहे, आणि तो बराचसा उखडण्याचा आहे. पुण्यात डिसेंबर २००६ मध्ये स्वारगेट-कात्रज रस्त्यावर देशातली पहिली बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्ग, सुरू झाली. दिल्लीची २००८ साली आली आणि २०१६ मध्ये काढायला घेतली. भोपाळची जानेवारी २०२४ पासून उखडली गेली. होळकरांच्या इंदूरमध्ये २०१३ साली सुरू झालेला सुमारे साडेअकरा किलोमीटरचा मार्ग तोडण्याला उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये संमती दिली. प्रत्येक ठिकाणची कारणे वेगळी असली तरी तक्रार एकच ऐकू येई: आम्ही इथे कोंडीत आणि शेजारची लेन रिकामी. दर मिनिटाला एक बस आणि बसमध्ये ५० माणसे धरली, तर ती लेन तासाला ३,००० माणसे नेते. शेजारच्या लेनमधून तासाला १,८०० मोटारी गेल्या आणि मोटारीमागे सरासरी १.३ माणूस धरला, तर ती नेते २,३४०. तरीही पहिली लेन मिनिटातली पन्नासेक सेकंद ओसाड दिसते. अंदाजाच्या अहवालात गाड्या किती येतील याबरोबरच लेन किती वेळ रिकामी दिसेल हा आकडाही मांडला पाहिजे, कारण ती राहणार की जाणार हे शेवटी रस्त्यावर खोळंबलेल्यांच्या रागावर ठरते.

रस्त्यांच्या अंदाजांचा एकूण इतिहासही फारसा धीर देणारा नाही. बेंट फ्लुबियर्ग आणि सहकाऱ्यांनी १४ देशांतले २१० प्रकल्प तपासले तेव्हा रस्त्यांपैकी निम्म्यांचा अंदाज २० टक्क्यांहून जास्त चुकलेला निघाला. टोलरस्त्यांवर रॉबर्ट बेन यांनी केलेल्या अभ्यासात पहिल्या वर्षाची वाहतूक सरासरीने अंदाजाच्या तीन-चतुर्थांश भरली. मुंबईकरांना याचा अनुभव आहे. ३० जून २००९ रोजी खुल्या झालेल्या वांद्रे-वरळी सागरी सेतूवर रोज सव्वा लाख वाहने येतील असे सांगितले जाई. सुरुवातीच्या वर्षांत आकडा त्याच्या निम्म्यालाही पोचला नाही. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या अटल सेतूच्या वेळी ७० हजारांची भाषा होती. पहिल्या वर्षाची रोजची सरासरी २२-२३ हजारांच्या घरात राहिली.

तरीही महाराष्ट्रात कारपूल लेनचा विचार करायचाच झाला तर तो याच रस्त्यांवर करता येईल. सागरी सेतू, पूर्व मुक्त मार्ग आणि अटल सेतू, तिन्हींवर दुचाकी आणि रिक्षांना बंदी आहे, त्यामुळे दोन माणसांच्या अटीतला दुचाकीचा घोळ आपोआप सुटतो. अटल सेतूवर मात्र आज लेनची गरजच नाही, कारण कोंडी नाही आणि कोंडीशिवाय राखीव लेनला देण्यासारखे काही नसते. तिथे कारपूलचे काम टोलच करतो. मोटारीला एका वेळचे २५० रुपये पडतात, चौघे बसले तर प्रत्येकी साडेबासष्ट. टोल गाडीमागे घेतला जातो, माणसामागे नाही.

आपण मांडलेले गणित खऱ्या अर्थाने लागू पडेल ते पूर्व मुक्त मार्गाला. जून २०१३ मध्ये सुरू झालेला हा सुमारे सतरा किलोमीटरचा रस्ता चेंबूरकडून थेट दक्षिण मुंबईत उतरतो, त्यावर टोल नाही, आणि सकाळी उतरणीच्या टोकाला रांगा लागतात. तिथली एक लेन कारपूलला दिली तर काय होईल, हे कळायला आधी मोजणीवाल्यांना दोन दिवस टोकाशी उभे करावे लागेल. त्यांच्या कागदावर रकाने हवेत: मोटारीत किती जण, पाटी पिवळी की पांढरी, पुढे एकटा ड्रायव्हर आणि मागे एक माणूस अशा मोटारी किती, आणि ऑफिसची बस किती मिनिटांनी येते. २०२५ साली महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ॲपवरून जमणाऱ्या कारपूलला धोरणात जागा दिली, त्यामुळे पांढऱ्या पाटीच्या मोटारीत अनोळखी माणूस पैसे देऊन बसला तर तो कोणत्या रकान्यात टाकायचा, हेही मोजणीआधीच ठरवून घ्यावे लागेल.